गुरुवारच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे?

प्रति,
गोव्यात कॅन्सरच्या उपचारांची आखणी, नेमणुका आणि खोल्यांचं वाटप ज्यांच्या सहीने होतं, त्या सर्व अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस

विषय : बायकांच्या कॅन्सरसाठी दर गुरुवारी चालणारी समुपदेशनाची खोली बंद केल्याबद्दल

महोदय, महोदया,

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४४व्या वर्षी, मला पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर झाला. २५ दिवस बाहेरून रेडिएशन, त्यासोबत दर आठवड्याला केमो आणि शेवटी ४ वेळा आतून रेडिएशन, असा उपचार झाला. ऑपरेशन नाही. (गावात अजून कुणाचा यावर विश्वास बसत नाही. "पिशवी काढली ना?" हाच प्रश्न. नाही काढली म्हटलं की परीक्षा अर्धी सोडून आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात.) आज माझ्या फाइलवर 'उपचार पूर्ण' असा शिक्का आहे आणि तो खरा आहे. ज्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी मला इथवर आणलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तसं वाटणार नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले. ओपीडीच्या मागच्या बोळात एक लहानशी खोली आहे. दर गुरुवारी ती उघडी असायची. आत एक टेबल, तीन खुर्च्या, हिरवा पडदा आणि एक सिस्टर. या वेळी दाराला कुलूप होतं आणि त्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद : 'समुपदेशन सेवा बंद.' कधीपासून, का, आता कुठे जायचं, काही नाही. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर सलाइनच्या खोक्यांची चवड छताला टेकली होती. हिरवा पडदा खोक्यांवर टाकला होता, धूळ बसू नये म्हणून.

काउंटरवर विचारलं. सिस्टरचं कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही. खोली स्टोअरला दिली. "मग आम्ही विचारायचं कुणाला?" "डॉक्टरांना विचारा." त्या दिवशी माझा नंबर ६३ होता. डॉक्टरांच्या वाट्याला माझ्यासाठी चार मिनिटं आली आणि त्यांनी ती चांगली वापरली. तपासलं, रिपोर्ट पाहिला, पुढची तारीख दिली. त्यात मी त्यांना आणखी काय विचारणार होते, आणि शेजारी तिघं विद्यार्थी उभे असताना कसं?

हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की चर्चा त्या एका इमारतीची होते, दोन माणसांकडे खुलासा मागितला जातो आणि फाइल बंद होते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या खोलीत काय व्हायचं, हे कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. उपचार संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तिथे शिरले तीही चुकून, वजन तिथे करतात असं वाटून. सिस्टरने बसवलं आणि विचारलं, "कितें जाता, बाय? लघवीला जळजळ आहे? अंगावरून काही जातं? नवऱ्याशी बोलणं होतं ना?" तीन महिन्यांत मला किती जणांनी तपासलं असेल, पण शेवटचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, होतं की बोलणं. गॅस आला का, लाइटचं बिल भरलं का. ती हसली, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं.

तिने मला जे सांगितलं ते मी इथे उघड लिहिते, कारण हे ठाऊक नसलेल्या बायका हे पत्र वाचतील. ओटीपोटावर रेडिएशन झाल्यावर योनिमार्गाचा आतला नाजूक थर आक्रसतो, कोरडा पडतो. भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि वाट अरुंद होत जाते. हे हळूहळू होतं आणि लक्षात येईपर्यंत महिने गेलेले असतात. ते टाळण्यासाठी प्लास्टिकची एक गुळगुळीत कांडी मिळते. तिला डायलेटर म्हणतात. आतली जखम, सूज उतरल्यावर डॉक्टरांना विचारून ती जेली लावून आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं वापरायची. मी मान खाली घातली. तेव्हा सिस्टर म्हणाली, "हें घोवाखातीर न्हय, बाय. फुडें तपासतना दोतोराक भितरलें दिसूंक जाय." (हे नवऱ्यासाठी नाही; पुढे तपासताना डॉक्टरांना आतलं दिसायला हवं.) त्या एका वाक्याने माझी लाज निम्मी कमी झाली. कॅन्सर परत आला का हे बघायला ती वाट उघडी लागते, हे मला आधी सांगितलं असतं तर मी तीन आठवडे अंधारात काढले नसते.

ही वस्तू वाळपईच्या एकाही फार्मसीत मिळाली नाही. सिस्टरने आम्हा चौघींचे पैसे गोळा करून मुंबईहून मागवली. माझी मी एका स्टीलच्या डब्यात ठेवते आणि डब्यावर चिठ्ठी लावली आहे : 'इयत्ता चौथी, घटक चाचणी क्र. २'. आमच्या घरात तो डबा कुणीही उघडत नाही.

आता तक्रारी. ज्या क्रमाने माझ्यावर गुदरल्या त्याच क्रमाने लिहिते.

पहिली तक्रार पाणी आणि संडासाची. ती क्षुल्लक वाटेल, पण रेडिएशन घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती इथूनच सुरुवात करेल. ओटीपोटाच्या रेडिएशनला जाण्याआधी अर्धा लिटर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. शास्त्र मला पटलं. पटलं म्हणूनच मी ते कधी चुकवलं नाही. पण त्याच किरणांनी तिसऱ्या आठवड्यापासून मूत्राशयाची आग आग होते आणि जुलाब सुरू होतात. म्हणजे जिला धरवत नाही तिनेच धरायचं. आम्ही बाकावर पाच-सहा जणी ओळीने पाणी पिऊन बसायचो आणि मग आतून निरोप यायचा : मशीन अडकलंय, थोडं थांबा. थोडं म्हणजे किती ते कुणी सांगायचं नाही. जवळच्या संडासाची कडी मोडलेली. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरायचं. तिथे रिकामं होऊन आलं की पुन्हा अर्धा लिटर पाणी आणि पुन्हा पाऊण तास.

सासष्टीतली एक वयस्क बाई माझ्याबरोबर असायची. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात रोझरी. एके दिवशी असंच मशीन थांबलं आणि तिला धरवलं नाही. बाक ओला झाला. ती "सॉरी, सॉरी" म्हणत उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, फ्रॉकची मागची बाजू कुणाला दिसू नये म्हणून. नंबर येईपर्यंत चाळीस मिनिटं ती तशीच उभी होती. साफसफाईच्या मावशीने एक शब्द न बोलता बाक पुसला आणि आपल्या अंगावरची ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली. मशीन कोट्यवधींचं असतं असं ऐकते. कडी किती रुपयांना मिळते ते मी बाजारात जाऊन विचारून आले. ८५.

दुसरी तक्रार दिवसांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचं आणि आतलं रेडिएशन मिळून सगळा उपचार ८ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत पुरा व्हावा, लांबला तर आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते, असं जगभरचे डॉक्टर मानतात. हेसुद्धा मला सिस्टरनेच सांगितलं, मागाहून. मी गणित शिकवते, घरी येऊन कॅलेंडर काढलं आणि मोजले. माझे ७१ भरले. त्यात मशीनची दुरुस्ती होती, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्ट्या होत्या, आतल्या रेडिएशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. चवथ आम्हालाही हवी असते. त्या वर्षी गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची माटोळीसुद्धा मी अंथरुणातूनच पाहिली. पण पेशींना सुट्टी नसते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच सुट्ट्यांचं वेळापत्रक करायला नको का? लागोपाठ सुट्ट्या आल्या तर एखाद्या शनिवारी मशीन चालवून दिवस भरून काढता येतो. माझ्या १५ जादा दिवसांचं काय झालं ते मला माझ्या प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री आठवतं.

तिसरी तक्रार आतल्या रेडिएशनची. याबद्दल बायका आपसातही बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. योनीतून गर्भपिशवीपर्यंत धातूच्या नळ्या बसवतात, त्या हलू नयेत म्हणून भोवती गॉज ठासून भरतात, लघवीची नळी घालतात. मग स्कॅनचा फोटो, मग किती किरण द्यायचे त्याचा हिशेब, मग प्रत्यक्ष उपचार. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचाच; पण त्याआधी दोन-तीन तास तशाच अवस्थेत उताणं, न हलता पडायचं. पहिल्या वेळी मला एक इंजेक्शन दिलं ते नळ्या बसवून व्हायच्या आतच उतरलं. वर छतावर गळतीचा एक डाग होता. तो मला हुबेहूब सत्तरी तालुक्याच्या नकाशासारखा दिसला. मी त्यात म्हादई नदी शोधली, वाळपई शोधली, आमची शाळा शोधली. दोन तास मी भूगोल शिकवत होते, मनातल्या मनात, चौथीच्या वर्गाला. तेवढ्यात दार चारदा उघडलं आणि पडदा एकदाही कुणी नीट ओढला नाही. तिसऱ्या वेळी भूल देणारे डॉक्टर हजर होते, कमरेतून भूल दिली आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. म्हणजे ते शक्य आहे. मग ते नशिबावर का?

कागदांचंही असंच. मला मिळालेलं आहाराचं पत्रक इंग्रजीत होतं. लो रेसिड्यू डाएट, म्हणजे कमी चोथ्याचं खाणं. मी पदवीधर, मला शब्दकोश बघून कळलं. शेजारच्या बाईने त्या कागदाचा अर्थ 'हलकं खा' एवढा लावला आणि नाचण्याची आंबील नि मुगाची उसळ सुरू केली. जुलाबांनी तिला दोन दिवस दाखल व्हावं लागलं. जुलाब आहेत तोवर कोंडा-सालीचं टाळा, मऊ भाताची पेज घ्या, मीठ-साखरेचं पाणी प्या, एवढं कुणी देवनागरीत छापून दिलं असतं तर तिची खाट वाचली असती. या राज्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते. मग बाईच्या पोटाबद्दलचा कागद तेवढा इंग्रजीत का? आणि माझ्या त्या सासष्टीच्या बाईसाठी तो रोमी लिपीतही, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या कोकणीतही, हवा. ती देवनागरी वाचत नाही, पण चर्चचं पुस्तक रोज वाचते.

माझ्याबरोबरच्या बायकांचं सगळं लिहायचं तर पत्र संपणार नाही. दोघींचं सांगते. पेडण्याकडची एक जण ३४ वर्षांची, एक मुलगी असलेली. रेडिएशनने तिची पाळी महिन्याभरात कायमची गेली. रात्री अंगातून वाफा निघतात, चादर भिजते, चिडचिड होते, आणि सासू म्हणते नाटकं करते. अंडाशयं बंद पडतील हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. काही जणींमध्ये रेडिएशनआधी अंडाशयं वर सरकवून ठेवता येतात, हा पर्याय तिच्या बाबतीत होता की नव्हता, हेही नाही. तिने धीर करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मूल आहे ना? मग झालं तर." ३४व्या वर्षी पाळी गेली की हाडं ठिसूळ होऊ लागतात. तिच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या सरसकट वर्ज्य नसतात, तपासून देता येतात, हे तिला कळलं ते गुरुवारच्या खोलीत.

दुसरी म्हार्दोळकडची, अंडाशयाच्या कॅन्सरची. देवळाजवळ फुलं विकते. दर तीन आठवड्यांनी एक अशा ६ केमो झाल्या आणि बोटांची टोकं बधिर झाली. केस परत आले, बोटं आली नाहीत. आता तिला फाती, म्हणजे फुलांचे गजरे, गुंफता येत नाहीत. जाईचा देठ बोटांत धरलाय की निसटलाय हेच कळत नाही. ती सुटी फुलं विकते, त्याला भाव येत नाही. तिच्या फाइलवरही 'उपचार पूर्ण' आहे.

माझ्या घरचं थोडक्यात. नवरा चांगला माणूस आहे. २५पैकी १९ दिवस तो माझ्याबरोबर आला. पण आजार लागतो की काय, आपल्या स्पर्शाने परत उलटतो की काय, ही भीती त्याच्या मनात वर्षभर होती आणि विचारायचं कुणाला हे त्याला माहीत नव्हतं. हा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे एक वाक्य त्याला त्या तिसऱ्या खुर्चीवर बसून ऐकायला मिळालं. तिथून येताना बसमध्ये त्याने माझी पिशवी हातात घेतली. तुम्ही म्हणाल यात काय मोठंसं. आमच्याकडे मोठंच आहे.

बसवरून आठवलं. गावातून पहिली बस ६ वाजून १० मिनिटांनी, खासगी. वाळपई, होंडा, साखळी, डिचोली करत पणजी, तिथून दुसरी. चौथ्या आठवड्यात साखळीच्या अलीकडे मला बस थांबवायला सांगावी लागली आणि एका कुळागरात, सुपारीच्या बागेत, शिरावं लागलं. कंडक्टरने इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, गरम झालंय, पाच मिनिटं लागतील. त्या मुलाला मी शिकवलेलं नाही, पण ज्या कुणी शिकवलं त्या बाईंचं मला कौतुक वाटतं. त्यानंतर आम्ही गाडी भाड्याने करू लागलो, दिवसाला २,५०० रुपये. मी सरकारी नोकर, मला रजा मिळाली, बिलं परत मिळाली. इतरांकडे उपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख. योजना चांगली आहे, तिने घरं वाचवली आहेत. पण गाडीभाडं, पॅड, जेली, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळं आमच्या वहीत राहतं. गृहिणींसाठीच्या सरकारी गृहआधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये एका दिवसाच्या गाडीला पुरत नाहीत.

पौषात धालो आले, आम्हा बायकांची रात्रीची गाणी आणि नाच. ते खेळायची जागा, मांड, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी नवं लुगडं नेसून रांगेत उभी राहिले आणि दुसऱ्याच गाण्याला घरी पळत आले. तुमच्या यादीत हा दुष्परिणाम कुठल्या रकान्यात बसतो मला माहीत नाही.

तुमची भाषणं मी ऐकते. ऑक्टोबरात स्तनांच्या कॅन्सरसाठी गुलाबी फिती असतात, जानेवारीत आमच्या आजाराची आठवण निघते, लस घ्या, तपासणी करा. बरोबरच आहे. माझी मुलगी आणि माझ्या वर्गातल्या मुली यांना लस मिळावी म्हणून मी स्वतः घरोघर जायला तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये २०३०साठी तीन आकडे ठरवले : ९०, ७०, ९०. शंभरातल्या ९० मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० बायकांची ३५ आणि ४५व्या वर्षाच्या सुमारास तपासणी, आणि आजार सापडलेल्यांपैकी ९० जणींना उपचार. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायकांना हा एकच कॅन्सर होतो, तेव्हा हे आकडे हवेतच. पण उपचार घेतलेल्या बाईला नीट बसता येतं का, झोप लागते का, नवऱ्याशेजारी निजताना भीती वाटते का, याचा आकडा त्या तिघांत नाही. म्हणून तो कुणी मागत नाही आणि म्हणूनच ती खोली स्टोअरला देणं इतकं सोपं गेलं.

मोजता येत नाही, असं म्हणू नका. ईओआरटीसी नावाच्या युरोपीय कॅन्सर संशोधन संस्थेची, रुग्णाचं जगणं कसं चाललंय ते विचारणारी ३० प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिला जोडायचे २४ प्रश्न वेगळे आहेत, अंडाशयासाठी २८. मुख्य प्रश्नावली मराठीतही झालेली आहे. सिस्टर आमच्याकडून ती भरून घ्यायची. शेवटी दोन प्रश्न असतात, १ (अगदी वाईट) ते ७ (उत्तम) पैकी आकड्याला गोल करायचा : गेल्या आठवड्यातलं तुमचं आरोग्य कसं होतं, आणि गेल्या आठवड्यातलं तुमचं जगणं एकूण कसं होतं. मी पहिल्याला ५ दिले, दुसऱ्याला ३. सिस्टरने त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावर पेनाने रेघ ओढली आणि म्हणाली, आपण या दोनावर काम करू. ते कागदही त्या खोलीतच होते. खोक्यांच्या खाली असतील.

माझ्या मागण्या अशा.

खोली परत उघडा. आठवड्यातून एक दिवस तरी, तीन खुर्च्या, पडदा आणि आतून लागणारी कडी. प्रशिक्षण घेतलेली एक सिस्टर, कंत्राटावर नको, कायम पदावर. आणि तिच्यासाठी एक फोन नंबर जो उचलला जातो. नवऱ्यांना आत येऊ द्या.

रेडिएशनच्या दाराशी बायकांसाठी चालू संडास हवा. मशीन सुरू आहे हे पक्कं झाल्यावरच पाणी प्यायला सांगा. बंद असेल तर सकाळी सहाच्या आत मोबाइलवर निरोप पाठवा, म्हणजे वाळपई, काणकोण, सांग्याच्या बायका घरून निघणार नाहीत. बाकाजवळ दोन जादा परकर ठेवले तरी चालेल, ते मी आणून देईन.

आतलं रेडिएशन भूल किंवा पुरेसं वेदनाशामक दिल्याशिवाय करू नये असा लेखी नियम करा. दिवस ५६च्या वर जाणार असतील तर ते बाईला आधी सांगा आणि कारण फाइलवर लिहा.

डायलेटर, जेली, योनीत लावायचं मलम, उपचारांनंतर सुजलेल्या पायाचे पट्टे, या औषधांइतक्याच गरजेच्या वस्तू धरून मोफत द्या. पायसूज आणि लघवीच्या तक्रारींसाठी फिजिओथेरपिस्ट आमच्या तारखेलाच बसू दे, वेगळी फेरी नको. ज्यांचा आजार पुढे गेला आहे त्यांच्यासाठी वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या तालुक्याच्या इस्पितळात ठेवा. ही औषधं रुग्णांपर्यंत सहज पोचावीत म्हणून २०१४मध्ये केंद्राने अमली पदार्थांचा कायदा बदलला. तरी माझ्या वॉर्डातल्या एका बाईचा मुलगा काणकोणहून दर पंधरा दिवसांनी मजुरी बुडवून गोळ्यांसाठी येत असे.

उपचार सुरू होण्याआधी प्रत्येक बाईला मराठी, देवनागरी कोकणी किंवा रोमी कोकणीतलं पत्रक द्या आणि ते वाचून दाखवा. त्यात पाळी, मूल, शरीरसंबंध हे शब्द असू द्या, आडून नको. मजकूर तयार करायला मी आणि माझ्याबरोबरच्या तिघी तयार आहोत, पैसे नकोत.

प्रश्नावली दर तपासणीला भरून घ्या आणि वर्षातून एकदा, नावं वगळून, निकाल जाहीर करा. पाच आणि तीनमधलं अंतर कमी झालं की वाढलं, हे लोकांनाही बघू दे.

पत्राखाली मी नाव लिहिलेलं नाही. मला स्वतःला लाज राहिलेली नाही, हे वर वाचलंच असेल. पण मुलीची सोयरीक चालू आहे आणि आमच्याकडे अजून 'तसलें दुयेंस' (तसला आजार) म्हणून आवाज खाली घेतात. हे मला आवडत नाही, पण तिच्या वाटेत मला उभं राहायचं नाही. ज्यांना मला गाठायचं आहे त्यांच्यासाठी सोपं आहे : माझी पुढची तारीख येत्या महिन्यातला दुसरा गुरुवार आहे. म्हार्दोळची बाई आणि पेडण्याची मुलगीही त्या दिवशी येणार आहेत. दहा वाजता आम्ही तिघी त्या दाराशी असू. खोकी उचलायला हातभार लावू. बाहेर कुठे रचायची आणि किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं आधी कळवा.

आपली,
सत्तरीतील एक प्राथमिक शिक्षिका